चार अंश, सर्व ठीक

१

दार उघडत नाही हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मोजणीची वही वर कचेरीत राहिली होती, ती आणायला मी निघाले होते. दाराशेजारी एक छोटा पडदा आहे, त्यावर हिरवं बटण. ते दाबलं की एरवी 'दार उघडले' अशी अक्षरं येतात आणि पोलादी दार सुस्कारा टाकून बाजूला सरकतं. आज दार जागचं हललं नाही. पडद्यावर अक्षरं मात्र आली.

'४.० अंश. सर्व ठीक.'

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चार अंश, पुन्हा सर्व ठीक.

"अहो," मी मागे वळून म्हटलं, "दार काही उघडत नाहीये."

आमचा धंदा लसी आणि औषधं थंड ठेवण्याचा. तळघरात ही एक मोठी शीतखोली, भिंती पोलादाच्या, खिडकी नाही. हॉस्पिटलं आपला माल आमच्याकडे ठेवतात आणि लागेल तसा मागवतात. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची; आठच्या वर गेली की तिचा भरवसा उरत नाही. हे वाक्य मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घेतलंय.

मोजणी खरी महिन्याच्या एक तारखेला असते. पण मंगळवारी मोठी गाडी जायची होती, म्हणून सोमवारी सकाळी मामंजींनी अचानक फर्मान काढलं, "आजच मोजू." आमच्या ह्यांनी खूप सांगून पाहिलं, आज कशाला, उद्या गाडी भरतानाच मोजू. मामंजी कोणाचं ऐकतात! अकराला पाच मिनिटं असताना आम्ही पाच जण आत आलो. मामंजी, आमचे हे, माझी धाकटी जाऊ, मी, आणि खोकी उचलायला मशीनवाला मेकॅनिक. त्याला सगळे बर्फ्या म्हणतात. धाकटे भावजी शुक्रवारपासून मालाच्या कामाने परगावी होते.

चौघांच्या अंगात जाडजूड कोट होते. ह्यांच्या नव्हता. "पाच मिनिटांचं तर काम," म्हणाले. घरात पंखा दोनवर गेला तरी पांघरूण ओढणारा हा माणूस. पण पुरुषांना चारचौघांत थंडी वाजत नाही, हे मी लग्नापासून बघत आलेय. अंगात तो कालचाच निळा सदरा. सकाळी "तोच घालतो" म्हणाले म्हणून मी त्यावर परत इस्त्री फिरवली होती. खिशात कागद होता, त्याच्या कोपऱ्याची चिकटपट्टी गरम इस्त्रीला चिकटली आणि ती खरवडण्यात माझी पाच मिनिटं गेली. कागद मी न वाचता परत खिशात ठेवला. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही हा माझा रोजच्या नेमांतला एक नेम.

"सरक," हे म्हणाले आणि त्यांनी बटणावर अंगठा दाबून धरला.

चार अंश. सर्व ठीक.

"चावी!" बर्फ्या म्हणाला. "मालक, जुनी चावी आहे ना?"

"आहे ना," मामंजींनी कोटाच्या आतून ती काढून दाखवली. "आणि तिचं भोक दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे."

धाकटी तेवढ्यातही फिसकन हसली. मग मामंजी खोकले. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा खोकला आत ओढला गेला, शिट्टी वाजल्यासारखा. मामंजींना दमा आहे. थंड हवेत तो उसळतो.

"पंप?" मी विचारलं.

त्यांनी वर बोट दाखवलं. कोट चढवताना त्यांनी अंगातलं जाकीट कचेरीतल्या खुर्चीवर टाकलं होतं. पंप त्या जाकिटात होता.

२

मोबाईल आम्ही बाहेर ट्रेमध्ये ठेवतो. आत त्यांना रेंजही नसते. पण भिंतीवर वर बोलायचा फोन आहे. पहारेकरीकाकांनी तो उचलला आणि सगळं ऐकून घेतलं. खाली येऊन बाहेरचं बटणही दाबून पाहिलं, तिथेही चार अंशच.

"अग्निशमनवाल्यांना कळवतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत बोलले, "येतायत. पण ते म्हणतात, पोलाद कापायचं तर दीड तास धरा."

मामंजी उलट्या घातलेल्या खोक्यावर बसले होते. प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर जात होते. त्यांच्या श्वासाबरोबर मी मनातल्या मनात नाम मोजायला लागले, आणि एका श्वासात किती कमी मावतात ते बघून घाबरले. दीड तास ते काढू शकणार नव्हते.

"वीज घालवली तर?" मी विचारलं.

"कुलूप बंदच राहतं, वहिनी," बर्फ्या म्हणाला. "चोर फ्यूज काढून आत शिरू नये म्हणून."

"हे सगळं हिचं." ह्यांनी धाकटीकडे हात केला. "पूर्वी साधं कडी-कुलूप होतं. हिने आल्या आल्या सगळं त्या सर्व्हरला नेऊन बांधलं. दार, थर्मामीटर, मागण्या. आता घ्या!"

धाकटी चिडली नाही. ती कधीच चिडत नाही, उलट कोणी आवाज चढवला की तिचा आणखी खाली येतो. "भावजी, बांधलं मीच," ती म्हणाली. "पण अकराला पाच कमी असताना हेच दार उघडलं होतं. आणि त्यानंतर मी तुमच्या समोर उभी आहे."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" मामंजींनी विचारलं. दोन शब्दांनंतर श्वास, मग उरलेले.

"म्हणजे बिघडलेलं नाही, मामंजी. कोणीतरी केलंय." ती पडद्यासमोर उभी राहिली. "बिघडलं असतं तर पडदा काळा झाला असता, नाहीतर चूक म्हणून ओरडला असता. हा तर उत्तर देतोय. फक्त मी दाराबद्दल विचारतेय आणि हा थंडीबद्दल सांगतोय."

३

एका कोपऱ्यात मोजणीचा जुना संगणक आहे, तारेने जोडलेला. धाकटीने त्यावर मागण्यांचं पान उघडलं. झटकन उघडलं, सकाळच्या दोन मागण्याही दिसल्या. मग तापमानाचं पान. 'चार अंश. सर्व ठीक.' मग दाराचं पान. 'चार अंश. सर्व ठीक.'

"बघा," ती म्हणाली. ती बोलत होती मामंजींशी, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता. "आपल्या सर्व्हरचा पत्ता एकच. त्याच्या मागे तीन वेगळी ॲप बसलीयेत. पत्त्यापुढे 'मागणी' लिहिलं की तो मागण्यांच्या ॲपकडे पाठवतो. 'खोली' आणि पुढे 'तापमान' लिहिलं की थर्मामीटरकडे. 'खोली' आणि पुढे 'दार' लिहिलं की कुलपाकडे. हे बटण दाबलं की दुसरं काही होत नाही, 'खोली, दार' या पत्त्यावर निरोप जातो."

"बरं."

"कोणाला कुठे पाठवायचं ते एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. एका ओळीत एक नियम. सर्व्हर वरून खाली वाचत येतो आणि जो पहिला नियम लागू पडेल तो घेतो. पुढचे बघतसुद्धा नाही."

"मग?" बर्फ्याने विचारलं. तो आल्यापासून छताकडच्या गार वाऱ्याच्या जाळीकडे बघत होता.

"मग कोणीतरी सगळ्यात वर एक ओळ घातलीये. 'खोली'ने सुरू होणारं जे काही येईल, ते एका ठरलेल्या पानाकडे पाठव. त्या पानावर कायम चार अंश. खरं तापमान कधी एका आकड्यावर बसत नाही, तीन पूर्णांक नऊ, चार पूर्णांक दोन, असं हलत राहतं. मी दहा वेळा पान ताजं केलं. हा आकडा मेलेला आहे." ती थांबली. "त्या माणसाला दार बंद करायचं नव्हतंच. त्याला फक्त थर्मामीटर झाकायचा होता. 'खोली, तापमान' असं पुरतं लिहायच्या ऐवजी त्याने नुसतं 'खोली' लिहिलं. दारही खोलीतच येतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही."

"पण आम्ही आत आलो तेव्हा दार उघडलं," हे म्हणाले. "आत आल्यावर तर कोणी काही लिहिलं नाही."

"लिहिलं आधीच. पण फाईल बदलली म्हणून सर्व्हर लगेच ऐकत नाही. तो ती पुन्हा वाचेल तेव्हा. कोणी हाताने वाचायला लावली तर माझ्या मोबाईलला निरोप येतो, आत येईपर्यंत तसा आला नव्हता. पण दर साठ दिवसांनी सर्व्हर आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र आपोआप नवं करतो आणि तेव्हा फाईल परत वाचतो. त्याचा निरोप येत नाही." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ती वेळ होती आज अकराची."

खोलीत फक्त मामंजींच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती.

"थर्मामीटर कशाला झाकायचा?" मामंजी म्हणाले.

त्याचं उत्तर मला कळलं होतं. बोलावं की नाही, ते कळत नव्हतं.

४

मी हळूच तोंड उघडून 'हाऽ' केलं. परत एकदा केलं.

"जाऊबाई, काय करताय?"

"वाफ," मी म्हटलं. "दर महिन्याला मोजणीला आलो की बोलताना तोंडातून वाफ येते. मागच्या खेपेला तू इंजिनासारखी वाफ सोडून दाखवत होतीस. आज कोणाच्याच तोंडातून येत नाहीये."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही दोघींनी मिळून मागच्या भिंतीची खोकी ओढायला सुरुवात केली. मामंजींनी धंदा सुरू केला तेव्हाचा एक काचेचा थर्मामीटर तिथे खिळ्याला आहे. पडदे आल्यापासून तिकडे कोणी बघत नाही. मी तोंड जवळ नेलं, मग श्वासाने चढेल म्हणून लांब नेलं.

"नऊ," मी म्हटलं. "नऊच्या थोडा वरच."

मामंजी उठायला गेले आणि बसले. चाळीस वर्षांत त्या खोलीत नऊ कोणी ऐकलं नव्हतं.

"बर्फ्या," ते म्हणाले.

बर्फ्याच्या कपाळावर घाम होता. "मालक, थंडीच्या दोन मशीनांतलं एक सकाळी बंद करून उतरवलंय. त्याचा आतला भाग गेलाय, उद्या नवा येतोय. एकाच मशीनवर चाललंय. वर पाच माणसं आत, चढणारच."

"कोणी सांगितलं उतरवायला?"

बर्फ्या खाली बघून म्हणाला, "ते नका विचारू, मालक. माझ्या पोराबाळांचा प्रश्न आहे."

"झालं!" हे मामंजींच्या पुढ्यात आले. "अण्णा, आणखी काय पाहिजे? याने मशीन बिघडवलं, ते लपवायला यानेच काहीतरी केलं. मागे तुम्ही काढून टाकायची धमकी दिली होती ना, त्याचा राग."

बर्फ्याने मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. "दादा…" एवढंच म्हणाला. त्या एका शब्दात त्याने काय म्हटलं ते मी ऐकलं.

"कोणी केलं ते नंतर," धाकटी म्हणाली आणि फोनकडे गेली. "आधी दार. काका, कचेरीतला संगणक चालू करा. मी सांगते तसं टाईप करायचं."

"मी?" काकांचा आवाज चिरकला. "बाई, मला नातवाला मेसेज पाठवायला अर्धा तास लागतो!"

"एका बोटाने करा, पण करा. इथून मला फाईलला हात लावता येत नाही, ती फक्त त्या संगणकावरून उघडते. सुरक्षेसाठी मीच तसं केलंय," ती कडवट हसली. "पासवर्ड बावीस अक्षरांचा आहे, तो माझ्याही डोक्यात नाही. कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवलीये. ती बघून टाका."

फोनवर कपाटाची करकर ऐकू आली.

"बाई," काका म्हणाले. "इथे नुसत्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत. चिठ्ठी नाही."

५

मामंजींचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी माझा कोट काढून त्यांच्या छातीभोवती गुंडाळला आणि शाल तोंडापुढे धरली, म्हणजे आत जाणारी हवा थोडी तरी ऊबदार होईल. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत जोर नव्हता.

"दुसरीकडे कुठे लिहिलाय?" हे विचारत होते. "आठव ना! असं कसं कुठेच लिहिलं नाहीस?"

"घरी लिहिलाय. तिथल्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, घर इथून पाऊण तास." धाकटी जागेवर उभी होती, पण तिचे डोळे फिरत होते. एकेकावर थांबत होते. "ज्याने ओळ घातली त्यानेच चिठ्ठी नेली. म्हणजे मशीन परत चढेपर्यंत मी फाईल उघडू नये. एका दिवसाचाच प्रश्न होता त्याचा. उद्या चिठ्ठी परत जागेवर, ओळ पुसलेली, कोणाला काही कळलंही नसतं."

"मग तो बाहेर कुठेतरी बसलाय आणि आपण इथे मरतोय," हे म्हणाले.

"नाही, भावजी. तो इथेच आहे."

बर्फ्या दोन पावलं मागे सरकला.

"बर्फ्या नाही," ती म्हणाली. "आज अकराला सर्व्हर आपोआप फाईल वाचणार, हे ठाऊक असल्याशिवाय कोणी अशी ओळ लिहिणार नाही. हाताने केलं तर मला कळतं. हे मी एकदाच बोलले, शनिवारी जेवताना. 'सोमवारी अकराला सर्व्हर दोन सेकंद डोळा मिटेल, घाबरू नका.' पानावर कोण होतं? मामंजी, जाऊबाई, तुम्ही आणि मी. बर्फ्या त्याच्या घरी जेवतो."

"म्हणून काय…"

"मोजणी आज नको, उद्या करू, असं सकाळी चारदा कोण म्हणालं?"

"गाडीच्या सोयीसाठी म्हटलं मी!"

"आणि कोट?" तिचा आवाज आता इतका खाली आला होता की ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. "चार अंशांत तुम्ही सदऱ्यावर येणार? बर्फ्याला माहीत होतं मशीन बंद आहे, तरी सवयीने त्याने कोट घातला. तुम्ही तर मनात हिशेब करून आलात, की आज आत थंडी नाही."

"हे सगळं तर्कट आहे." ह्यांनी मामंजींकडे पाहिलं नाही. "चिठ्ठी माझ्याकडे आहे म्हणतेस? दाखव. काय पुरावा आहे तुझ्याकडे?"

धाकटीकडे पुरावा नव्हता. ती थांबली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, कारण तिचं सगळं बरोबर होतं आणि तरी दार बंद होतं.

पुरावा माझ्याकडे होता. सकाळी सात वाजल्यापासून होता.

६

कोणी मला काही विचारलं नव्हतं. खोटं बोलायचं नाही, हा नेम मी बावीस वर्षं पाळतेय, आणि तेव्हाही मी काही खोटं बोलत नव्हते. मी फक्त उभी होते. मामंजींच्या एका श्वासात आता नामाची दोनच अक्षरं मावत होती. माझ्या मनात आलं, की माझा नेम असा स्वच्छ राहील, आणि हा माणूस जाईल.

मी ह्यांच्यासमोर गेले. चारचौघांत मी त्यांच्याशी वर मान करून बोलत नाही. तशी सवयच नाही. त्या दिवशी मान वर केली आणि तळहात पुढे धरला.

"द्या," मी म्हटलं.

"काय देऊ?"

"डाव्या खिशातला कागद. त्याच्या कोपऱ्याची चिकटपट्टी सकाळी माझ्या इस्त्रीला लागली. मी वाचला नाही. पण आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला, जिन्यावरून पडताना कोणीतरी धरल्यासारखा. त्यांनी खिशात हात घातला. कागद माझ्या तळहातावर ठेवला.

चिठ्ठी मी न उघडता धाकटीच्या हातात दिली.

"काका, लिहा," ती फोनमध्ये म्हणाली. "मोठा एम. सात. छोटा क्यू…"

बावीस अक्षरं. काका एकेक परत म्हणून दाखवायचे. चौदाव्याला चुकले आणि परत पहिल्यापासून. ह्यांनी मामंजींच्या मागे बसून त्यांना स्वतःच्या छातीला टेकवून धरलं होतं, पाठीवरून हात फिरवत होते, आणि मामंजींनी त्यांना तसं करू दिलं.

"उघडलं!" काका ओरडले. "बाई, इथे ढीगभर ओळी आहेत!"

"सगळ्यात वरची वाचा."

"तिरकी रेघ… के, एच, ओ, एल, आय… परत तिरकी रेघ… पुढे लांबलचक काहीतरी."

"तिच्याखाली नाव आणि तारीख आहे?"

"या ओळीखाली काही नाही. बाकी सगळ्यांखाली तुमचं नाव आहे."

"पुसू नका, भलतंच पुसाल. त्या ओळीच्या आधी, अगदी सुरुवातीला, तीन आकड्यावरची जाळीसारखी खूण टाका. ती टाकली की सर्व्हर ती ओळ सोडून देतो. आता सांगते ते टाईप करा आणि मोठं बटण दाबा."

एक टक असा आवाज आला. मी हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

दार सुस्कारा टाकून सरकलं. काका पंप मुठीत धरून वरून धावत आले होते, दोन पायऱ्या एका ढांगेत. त्या वयाला!

७

पहिले चार दम घेऊन झाल्यावर मामंजी पायरीवर बसले. ओठांना रंग यायला वेळ लागला. अग्निशमनवाल्यांना काकांनी बाहेरूनच परत पाठवलं. दाराबाहेरच्या पडद्यावर खरा आकडा परत हलायला लागला होता. नऊ पूर्णांक चार. नऊ पूर्णांक सहा. इतका वाईट आकडा आणि तो बघून मला इतकं हायसं वाटलं.

"का रे?" मामंजींनी विचारलं.

हे जमिनीकडे बघत होते. "नोंद आठच्या वर गेली असती तर हॉस्पिटलने माल घेतला नसता. मला वाटलं एका मशीनवर सातपर्यंत थांबेल, कोणाचं काही बिघडणार नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाडी थांबवली असती."

"थांबवलीच असती." मामंजींनी श्वास घेतला. "त्या लसी तान्ह्या पोरांच्या मांडीत जातात. आकडा चार दिसतो म्हणून डॉक्टर टोचतो. त्याच्याकडे कुठला आलाय काचेचा थर्मामीटर?"

मामंजींनी स्वतः फोन मागवला आणि हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांना लावला. आवाज बसला होता तरी सगळं स्पष्ट सांगितलं, आकड्यासकट. उद्याची गाडी जाणार नाही. आतलं प्रत्येक खोकं बाजूला काढून मोजलं जाईल, थंड गाडी भाड्याने आणून तिच्यात ठेवलं जाईल, आणि वापरायचं की फेकायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. मग बर्फ्याला म्हणाले, "तू मला सांगायला हवं होतंस." बर्फ्या रडला. मामंजी म्हणाले, "रडू नकोस, मशीनचं बघ."

धाकटी वर जायला निघाली. "ती ओळ पुसून टाकते, मामंजी."

"पुसू नकोस. ती सर्व्हरला लागू नाही ना आता?"

"नाही."

"मग राहू दे. आणि आपल्याकडे नियम आहे ना, ओळीखाली नाव आणि तारीख? ज्याची ओळ आहे त्याला लिहू दे."

हे वर गेले. मी वही आणायला त्यांच्या मागून गेले. संगणकासमोर बसून त्यांनी दोन बोटांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. तारीख लिहिली, कालची, रविवारची. खरी.

उठताना हळूच म्हणाले, "तू गप्प राहिली असतीस तर?"

"गप्पच होते की," मी म्हटलं. "तोच तर माझा भाग आहे यात. उशीर केला मी."

खाली बर्फ्याने चालू असलेलं मशीन पूर्ण जोरावर सोडलं होतं; जाळीतून येणारा वारा आता चांगला बोचत होता. खोकी अजून दोनशे चाळीस मोजायची होती. मी खुंटीवरून त्यांचा कोट काढला आणि पुढे धरला. त्यांनी तो निमूटपणे घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, आणि माझ्या आधी आत गेले.